शेजारी देशांबरोबर भूल आणि अतिदक्षता संशोधन: खान्देशातल्या रुग्णालयाने कसं उतरावं

कपाशीवर फवारणी सुरू झाली की धुळे, जळगाव, नंदुरबारच्या आयसीयूंत ऑरगॅनोफॉस्फरस कीटकनाशक पोटात गेलेले रुग्ण वाढतात, आणि पहिल्या पावसाबरोबर सर्पदंशही. हीच गर्दी नेपाळच्या तराईत, बांगलादेशात आणि श्रीलंकेच्या भातपट्ट्यात असते. खाटा कमी, रक्तातले वायू मोजणारं एबीजी मशिन बंद, व्हेंटिलेटर दुसऱ्या रुग्णाला लागलेला, ही ओढाताणही सगळीकडे सारखीच. म्हणून शेजाऱ्याने शोधलेलं उत्तर आपल्या वॉर्डात चटकन लागू पडतं.

या कीटकनाशकाच्या विषबाधेवरच्या ॲट्रोपिन या औषधाचंच घ्या. बांगलादेशात चितगावला झालेली एक चाचणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. एका गटाला जुन्या पद्धतीने ठरावीक अंतराने ठरावीक डोस, दुसऱ्या गटाला छाती मोकळी होईपर्यंत डोस दुप्पट करत न्यायचा आणि मग शिरेतून सतत थेंबाथेंबाने, म्हणजे इन्फ्यूजन. ॲट्रोपिनायझेशनला, म्हणजे औषधाचा पुरेसा परिणाम दिसायला, लागणारा सरासरी वेळ सुमारे १५२ मिनिटांवरून २४ मिनिटांवर आला, मृत्यूचं प्रमाण २२.५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर. रुग्ण होते दीडशेच्या आसपास. या कामाला लागलं काय? ॲट्रोपिन, घड्याळ, स्टेथोस्कोप आणि वेळच्या वेळी भरलेलं पत्रक. यातलं काहीही खान्देशात कमी नाही. कमी पडते ती तयारी, आणि ती कशी करायची ते पुढे दिलं आहे.

सुरुवात निरीक्षणात्मक अभ्यासाने

पहिल्याच फटक्यात औषधाच्या चाचणीत शिरू नका. ज्यात उपचार बदलायचा नसतो, फक्त जे घडतं ते नोंदवायचं असतं, असा अभ्यास आधी घ्या. परवानग्या सोप्या, विम्याचा प्रश्न नाही, आणि आपलं रुग्णालय नोंदी किती नीट ठेवतं ते कळतं. अशा अभ्यासांचं वजन कमी नसतं. जुलै २००९ या एका महिन्यात १६ आशियाई देशांतल्या १५० आयसीयूंनी तीव्र सेप्सिसचे (जंतुसंसर्गाने अवयव बिघडलेले) १,२८५ रुग्ण नोंदवले, तो मोझाइक्स अभ्यास आजही आधाराला घेतला जातो. भुलीच्या बाजूने आफ्रिकेचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. २५ देशांतल्या २४७ रुग्णालयांनी प्रत्येकी फक्त सात दिवस शस्त्रक्रियेचे सगळे रुग्ण नोंदवले आणि ११,४२२ रुग्णांचा अभ्यास उभा राहिला. बहुतेक मृत्यू टेबलावर होत नाहीत, नंतर वॉर्डात होतात, हे त्यातून लख्ख दिसलं. सात दिवसांचं काम तालुक्याच्या रुग्णालयालाही झेपतं.

दक्षिण आशियात हे आधीच चालू आहे. बांगलादेश, भारत, नेपाळ आणि श्रीलंका इथल्या आयसीयूंच्या नोंदींवरून ट्रॉपिक्स हा गुणांक तयार झाला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. एबीजी किंवा महागड्या तपासण्या नसतानाही रुग्णाची गंभीरता मोजता यावी, हा त्याचा हेतू. भारतात आयरिस नावाची आयसीयू नोंदणी चालते आणि ती आशियातल्या इतर देशांच्या नोंदण्यांशी जोडलेली आहे. नवीन रुग्णालयाने स्वतंत्र अभ्यास उभा करण्याऐवजी अशा चालू नोंदणीत सामील होणं शहाणपणाचं.

अभ्यासाचा काळ ठरताना मात्र बैठकीत बोला. एका आठवड्याचा अभ्यास मे महिन्यात ठेवला तर भुसावळ-जळगावकडून उष्माघात येईल, सर्पदंश जवळजवळ येणारच नाही. श्रीलंकेचा भाताचा मुख्य हंगाम तर आपला पावसाळा सरल्यावर सुरू होतो. एकच आठवडा सगळ्या देशांवर लादला की एका देशाचा गर्दीचा काळ दुसऱ्याच्या ओसरलेल्या काळाशी तोलला जातो. वर्षातून निदान दोन खिडक्या मागा, आणि सर्पदंश-विषबाधेच्या अभ्यासासाठी आपली खिडकी जून ते ऑक्टोबर अशी ठेवून घ्या. म्हणजे सगळी कागदपत्रं मे संपायच्या आत हातात हवीत.

परवानग्या: क्रम चुकला की वर्ष जातं

पहिली पायरी एथिक्स कमिटी, म्हणजे संशोधनाची नैतिकता तपासणारी समिती. ती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदवलेली असावी लागते. नव्या औषधाची चाचणी असेल तर केंद्रीय औषध नियंत्रकांकडेही. नोंदणीची मुदत संपलेली तर नाही ना, हे अर्ज देण्याआधीच बघा, कारण मुदत संपलेल्या कमिटीची मंजुरी कागदालाही महाग. धुळे, जळगाव, नंदुरबार या तिन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथे चौकशी करा. खासगी रुग्णालयाला स्वतःची कमिटी नसेल तर २०१९च्या औषध चाचणी नियमांनुसार त्याच शहरातल्या किंवा ५० किलोमीटरच्या परिघातल्या दुसऱ्या कमिटीकडे जाता येतं. भुसावळला जळगावची कमिटी चालेल. नंदुरबारला धुळ्याची चालणार नाही, अंतर त्याहून जास्त आहे.

दुसरी पायरी आरोग्य मंत्रालयाची छाननी समिती. परदेशी संस्थेची भागीदारी, पैसा किंवा नमुने यांचा संबंध आला की आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेमार्फत तिथे जावं लागतं. हा अर्ज बहुधा भारतातलं समन्वय केंद्र करतं, पण त्या अर्जातल्या केंद्रांच्या यादीत तुमच्या रुग्णालयाचं नाव आहे का, हे स्वतः वाचून घ्या. नंतर जोडलेल्या केंद्राचं नाव यादीत घालायचं राहून जाणं ही नेहमीची चूक, आणि तिच्यामुळे जमवलेली माहिती वापरता येत नाही. या पायरीला काही महिने धराच.

तिसरी पायरी सीटीआरआय, म्हणजे भारतीय चाचणी नोंदवही. नोंदणी मोफत आहे. १ एप्रिल २०१८पासून मागाहून नोंदणी होत नाही. पहिला रुग्ण घेण्याआधी क्रमांक मिळालेला हवा. अर्जात पहिल्या रुग्णाची तारीख लिहावी लागते. ती दोन महिने पुढची टाका, कारण शंका विचारून अर्ज परत येतो आणि तेवढ्यात जवळची तारीख उलटून जाते.

शेजाऱ्यांचे दरवाजे वेगळे आहेत. नेपाळमध्ये नेपाळ आरोग्य संशोधन परिषद, बांगलादेशात बांगलादेश वैद्यकीय संशोधन परिषद, भूतानमध्ये आरोग्य संशोधन नैतिकता मंडळ. श्रीलंकेत वैद्यकीय विद्याशाखांच्या कमिट्या आणि स्वतःची चाचणी नोंदवही. एका देशाची मंजुरी दुसऱ्याला चालत नाही. एका देशाच्या कमिटीने प्रोटोकॉलमध्ये (अभ्यासाच्या लेखी आराखड्यात) बदल सुचवला की तो सगळ्यांकडे पुन्हा जातो, म्हणून प्रत्येक पानावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख छापा. आवृत्ती २ ची संमती आणि आवृत्ती ३ चा प्रोटोकॉल अशी खिचडी झाली की ऑडिटला उत्तर देता येत नाही.

रक्ताचे नमुने परदेशात पाठवायचा आग्रह झाला तर शक्यतो नको म्हणा. नमुना हस्तांतरणाचा करार, वेगळी परवानगी, उणे ८० अंशांचा फ्रीझर आणि त्याला जनरेटर, एवढं सगळं लागतं. कोलिनेस्टरेजसारखी (विषबाधेत घटणाऱ्या विकराची) तपासणी इथेच करून आकडा पाठवणं बरं.

संमती

विषबाधा आणि सर्पदंश या एमएलसी, म्हणजे पोलिसांना कळवाव्या लागणाऱ्या केसेस. नातेवाईक आधीच पोलिसांच्या कागदांनी धास्तावलेले असतात, त्यात आणखी एका कागदावर अंगठा मागितला की तोही जबाबच वाटतो. म्हणून संमतीपत्र एमएलसीच्या कागदांबरोबर कधीही पुढे करू नका. वेळ वेगळी, माणूस वेगळा, जमलं तर खोलीही वेगळी. नाही म्हटलं तरी उपचार तोच राहील आणि विमा किंवा शासकीय मदतीसाठी लागणारी केसपेपरची प्रत मिळेलच, हे पहिल्या दोन वाक्यांतच सांगा.

छापील पत्रक मराठीत असलं तरी बोलणं अहिराणीत झालं पाहिजे. अक्कलकुवा, धडगावकडून आलेल्या कुटुंबाशी भिलीत किंवा पावरीत. लिहिता-वाचता न येणाऱ्याच्या बाबतीत निःपक्ष साक्षीदार लागतो आणि तो अभ्यासाच्या चमूतला चालत नाही. ड्युटीवरची सिस्टर तुमच्याच अभ्यासाची पत्रकं भरत असेल तर तिची सही साक्षीदार म्हणून घेऊ नका. रुग्ण बेशुद्ध असताना नातेवाइकाने संमती दिली असेल तर शुद्धीवर आल्यावर रुग्णाला पुन्हा विचारायचं. हे फार ठिकाणी राहून जातं, म्हणून आयसीयूतून वॉर्डात पाठवायच्या चेकलिस्टमध्येच ती ओळ घाला.

नोंद: खरं काम इथे आहे

चार देशांची माहिती एकत्र केल्यावर जे घोळ निघतात त्यांत एककांचे घोळ फार. नियम एकच: लॅबच्या कागदावर जो आकडा आणि जे एकक छापलंय तेच लिहा, खाटेजवळ रूपांतर करू नका. रूपांतर संगणक करील. तरीही गुणक माहीत असावेत, म्हणजे विचित्र आकडा नजरेत भरतो. ग्लुकोज मिलिमोलमध्ये असेल तर १८ने गुणलं की मिलिग्रॅम मिळतात. क्रिएटिनिन मायक्रोमोलमध्ये असेल तर ८८.४ने भागायचं, बिलिरुबिन १७.१ने. वायूंचा दाब किलोपास्कलमध्ये असेल तर ७.५ने गुणायचं. सगळ्यात फसवी जोडी ब्लड युरिया आणि बीयूएन (युरियातला फक्त नायट्रोजन) यांची, कारण दोन्हींचं एकक तेच, मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. बीयूएनला २.१४ने गुणलं की युरिया येतो. आपल्या बऱ्याच लॅब युरिया देतात, काही बीयूएन. एकाच शहरात दोन लॅब दोन पद्धतींनी देतात. पत्रकावर दोन वेगळे रकाने ठेवल्याशिवाय हा गोंधळ मिटत नाही.

तारखा आणि वेळा. नेपाळमध्ये रुग्णाच्या कागदांवर विक्रम संवत असू शकतं. तिथलं २०८२ सालचं वैशाख म्हणजे एप्रिल-मे २०२५. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे, बांगलादेश आणि भूतानचं अर्धा तास पुढे, श्रीलंकेचं आपल्याबरोबर. सर्व्हरने आपोआप वेळ टाकू दिली की दाखल होण्याआधीच औषध दिल्याच्या नोंदी दिसू लागतात. स्थानिक वेळ हाताने लिहायची, २४ तासांच्या पद्धतीत. आणि आपल्याच आयसीयूत मॉनिटर, व्हेंटिलेटर, भिंतीवरचं घड्याळ या तिघांच्या वेळा जुळत नसतात. दर सोमवारी मोबाइलशी जुळवून घ्या. ॲट्रोपिनच्या अभ्यासात पाच मिनिटांचा फरक म्हणजे एक अख्खा डोस.

वय लिहिताना आधारकार्डावर १ जानेवारी दिसली तर ती खरी जन्मतारीख असेलच असं नाही. वर्ष लिहा आणि ‘अंदाजे’वर खूण करा. सातपुड्यातून आलेल्या भिल्ल, पावरा रुग्णांत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झाली आहे का, निकाल काय, हा रकाना आपल्या बाजूने आग्रहाने घालून घ्या. भूल, ऑक्सिजन आणि शस्त्रक्रियेनंतरचे त्रास या तिन्हींशी त्याचा संबंध आहे, आणि बाहेर बसून प्रोटोकॉल लिहिणाऱ्याला तो सुचत नाही.

‘तपासणी केली नाही’ आणि ‘तपासणी नॉर्मल’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अवयवांचा बिघाड मोजणाऱ्या सोफा गुणांकात सहा अवयव, प्रत्येकी ० ते ४ गुण. बिलिरुबिन पाठवलंच नाही तर बहुतेक ठिकाणी ते नॉर्मल धरून शून्य टाकतात, आणि मग जिथे तपासण्या कमी तिथले रुग्ण कागदावर बरे दिसतात. आपल्याकडे मृत्यू जास्त आणि गुणांक कमी, असं खोटं चित्र त्यातून उभं राहतं. एबीजी नसेल तर ऑक्सिजनसाठी पल्स ऑक्सिमीटरचा आकडा आणि एफआयओटू (श्वासातल्या हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण) यांचं गुणोत्तर घेता येतं, पण सॅच्युरेशन ९७ टक्के किंवा त्याखाली असतानाच. त्यावर असेल तर आधी ऑक्सिजन थोडा कमी करून मग वाचा. नाकातल्या नळीवर एफआयओटूचा अंदाज म्हणजे २० अधिक दर लिटरला ४. चार लिटरला सुमारे ३६ टक्के.

मण्यार चावलेल्या रुग्णाचा ग्लासगो कोमा स्केल (शुद्ध मोजायची गुणपद्धती, सर्वांत कमी गुण ३) ही आणखी एक घसरती जागा. पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे, नळी घातलेली. कागदावर गुण ३ पडतात आणि रुग्ण आतून पूर्ण शुद्धीवर असू शकतो. या रुग्णाला ‘पक्षाघातामुळे मोजता येत नाही’ असंच लिहावं. ३ लिहिले की तो मेंदूला इजा झालेल्या रुग्णांत मोजला जातो. ते टाळणं निव्वळ आकडेवारीसाठी नाही. खाटेशी ‘याचं काही खरं नाही’ असं बोलणारा नातेवाईक किंवा डॉक्टर त्याला ऐकू येत असतो.

सर्पदंशाच्या अभ्यासात वीस मिनिटांची रक्त गोठण्याची तपासणी कणा आहे आणि तीच सर्वात जास्त बिघडते. शिरेतलं २ मिलिलिटर ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या ट्यूबमध्ये घ्यायचं, ट्यूब उभी ठेवायची, २० मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून बघायचं. रक्त पातळच राहिलं तर गोठणं बिघडलंय. आता घडतं काय: ट्यूब साबणाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरलेली असते, किंवा प्लॅस्टिकची असते. गोठायची क्रिया काचेच्या पृष्ठभागामुळे सुरू होते; साबणाचा थर किंवा प्लॅस्टिक ती रोखतं, आणि धडधाकट माणसाचं रक्तही पातळ राहतं. मग नको असलेलं प्रतिसर्पविष जातं. दुसरी चूक, दहाव्या मिनिटाला उत्सुकतेने हलवून बघणं. होऊ घातलेली गुठळी मोडते. म्हणून अभ्यासासाठी नव्या काचेच्या ट्यूबांचा वेगळा डबा ठेवा, त्यावर ‘धुऊन वापरू नये’ असं मोठ्या अक्षरांत लिहा, आणि शंका आली तर सोबतच्या निरोगी नातेवाइकाच्या परवानगीने त्याचंही रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये शेजारी ठेवा. त्याचंही गोठलं नाही तर दोष ट्यूबचा.

भुलीच्या अभ्यासांत असाच सापळा रक्तदाबाचा. सिझेरियनला स्पायनल (पाठीच्या कण्यातून भूल) दिल्यावर दाब किती जणींचा पडला, हे दाब किती वेळा मोजला त्यावरही ठरतं. एका केंद्रात दर मिनिटाला मोजतात, दुसऱ्यात दर पाच मिनिटांनी. पहिल्या केंद्रात ‘हायपोटेन्शन’ जास्त दिसेल, कारण त्यांनी ते पकडलं. सुरुवातीची किमान १५ मिनिटं सगळ्यांचं अंतर एकच ठरवा, आणि व्याख्याही एकच: मूळ दाबाच्या २० टक्के घट, की सिस्टोलिक (वरचा दाब) १००च्या खाली. मूळ दाब टेबलावर धडधडत्या छातीने घेतलेला धरायचा की वॉर्डातला, हेही लिहून ठेवा.

डामा (सल्ल्याविरुद्ध रुग्ण नेणं) आणि पाठपुरावा

परिणामाच्या रकान्यात ‘सुटी, जिवंत’ आणि ‘मृत’ एवढे दोनच पर्याय असतील तर तो अभ्यास आपल्याकडे चालणार नाही. पैसे संपले, आशा संपली, किंवा शेवटचा श्वास घरी जावा म्हणून कुटुंब रुग्णाला नेतं. कागदावर डामा. तो ‘जिवंत’मध्ये गेला तर मृत्युदर खोटा कमी होतो. तिसरा पर्याय ‘सल्ल्याविरुद्ध नेलं’ आणि चौथा ‘दुसरीकडे पाठवलं’ हवाच. आपले कितीतरी रुग्ण सुरत, नाशिक, इंदूरला जातात. त्यांच्यासाठी तिसाव्या दिवसाचा फोन हाच खरा परिणाम.

फोन लागावा म्हणून दाखल होतानाच दोन घरांतले दोन नंबर घ्या, गावातल्या आशाताईचा तिसरा. नंदुरबार आणि शिरपूर-चोपड्याच्या डोंगराळ भागातली कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातात, तेव्हा नंबर बंद असतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजाराला माणसं गावी परततात. राहिलेला ९० दिवसांचा पाठपुरावा तेव्हा पुरा होतो. फोनवर आधी चौकशी करा, प्रश्नावली नंतर. मृत्यूची बातमी कळली तर तारीख विचारून, सांत्वन करून थांबा. बाकीचे प्रश्न त्या दिवशी नकोत.

माणूस, पैसा, नाव

रेसिडेंट डॉक्टरच्या भरवशावर अभ्यास चालत नाही. त्याची पोस्टिंग बदलते. अर्धवेळ का होईना, पगारी कोऑर्डिनेटर हवा, शक्यतो आयसीयूत काम केलेली सिस्टर, आणि जीसीपीचं (चाचण्या नीट करण्याच्या नियमांचं) प्रशिक्षण घेतलेली. तिने रोज सकाळी दाखल सगळ्या रुग्णांची छाननी यादी भरायची: कोण पात्र, कोण घेतला, कोण का सुटला. रात्री आणि रविवारी आलेले रुग्ण यादीतून गळतात आणि नेमके तेच जास्त गंभीर असतात. पहिले पाच रुग्ण झाले की थांबा, केसपेपर आणि पत्रक समोरासमोर ठेवून प्रत्येक आकडा ताडा. त्यानंतर दर दहातला एक. माहिती भरायला बहुतेक अभ्यास रेडकॅप हे सॉफ्टवेअर वापरतात. नेट नसताना चालणारं त्याचं मोबाइल ॲप आहे, तरी कागदी प्रत ठेवाच. नाव आणि अभ्यास क्रमांक जोडणारी वही कुलपात, परदेशी फक्त क्रमांक. व्हॉट्सॲपवर केसपेपरचा फोटो पाठवायचा नाही, नाव झाकूनही नाही.

पैसा परदेशी देणगी म्हणून येणार असेल तर एफसीआरए या परदेशी देणगी कायद्याच्या २०२०च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेला तो दुसऱ्या संस्थेकडे वळवता येत नाही. ‘मुंबईच्या संस्थेकडून तुमच्याकडे पाठवू’ हे तोंडी आश्वासन घेऊन माणूस नेमू नका. करार आणि सीए दोन्ही आधी.

लेखात नाव कुणाचं, हे पहिल्या रुग्णाआधी लेखी ठरवा. मोठ्या अभ्यासांत समूहाच्या नावाने लेख निघतो आणि प्रत्येक केंद्राचे सहभागी यादीत येतात. त्या यादीत कोऑर्डिनेटर सिस्टरचं नाव गेलं पाहिजे, असा आग्रह धरा. आपल्या केंद्राची माहिती आपल्याला परत मिळेल आणि त्यावर स्वतंत्र लेख लिहिता येईल, हेही करारात घाला. सिकलसेल किंवा कपाशीच्या फवारणीचा प्रश्न कोलंबो किंवा काठमांडूहून कुणी विचारणार नाही, तो आपणच विचारायचा आहे.